आधी डबा उलटा करा: घरचा कचरा डेपोवर कमी जावा म्हणून

नवे डबे आणू नका. खताची टोपली ऑनलाइन मागवू नका. येत्या रविवारी चहा झाला की गॅलरीत जुनं वर्तमानपत्र पसरा, हातात रबरी मोजे चढवा आणि शनिवारचा कचऱ्याचा डबा त्यावर उलटा करा. घरचे नाक मुरडतील. मुरडू द्या.

मग काडीने ढीग पाडायला लागा. आम्ही पहिल्यांदा हे केलं तेव्हा तीन ढीग झाले. सगळ्यात जड होता तो स्वयंपाकघराचा: मेथीचे देठ, केळ्याची सालं, चहाचा चोथा, शिळा भात. दुसरा दिसायला भलामोठा, पण उचलला तर वजन काहीच नाही: पुठ्ठ्याचं खोकं, दुधाच्या पिशव्या, बिस्किटांचे पुडे. तिसरा ढीग छोटा होता, पण त्याच्याकडे बघवत नव्हतं. आमटीत भिजलेला कागद, शितं चिकटलेली श्रीखंडाची डबी, चोथ्याने आतबाहेर माखलेली दुधाची पिशवी. यातली एकही वस्तू घरात आली तेव्हा अशी नव्हती. कागद कोरडा होता, डबी विसळता आली असती, चोथ्याचं खत झालं असतं. तो तिसरा ढीग आम्हीच डब्यात तयार केला होता.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी हा तिसरा ढीग संपवायचा. बाकीचं त्यातून आपोआप सुचत जातं.

हा कचरा जातो कुठे

मी पुण्यात राहते, म्हणून पुण्याचं सांगते. या शहराचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या हद्दीतल्या डेपोवर जात राहिला. तिथल्या गावकऱ्यांनी विहिरींचं पाणी नासल्याच्या, दुर्गंधीच्या, माशांच्या तक्रारी केल्या, आंदोलनं केली. २०१७ च्या एप्रिलमध्ये डेपोला आग लागली आणि त्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. मग शहरात चौकाचौकांत कंटेनर ओसंडून वाहायला लागले. तोपर्यंत आपल्यापैकी अनेकांना डेपो कोणत्या दिशेला आहे हेही माहीत नव्हतं. मुंबईत २०१६ च्या जानेवारीत देवनारचा डेपो पेटला, तेव्हा त्याचा धूर उपग्रहाने काढलेल्या छायाचित्रांतही दिसला होता.

कचऱ्याचा डोंगर पेटतो कशाने? ओला कचरा मिश्र ढिगात खाली दाबला गेला की त्याला हवा मिळत नाही. हवेवाचून कुजताना त्यातून मिथेन निघतो आणि मिथेन ज्वालाग्राही असतो. त्या ढिगात प्लास्टिक आणि कागद असतोच, ठिणगी पडली की झालं. डोंगरातून झिरपणारं काळं पाणी जमिनीत उतरतं ते वेगळंच. मेथीचे देठ कुंडीत कुजले तर माती होते, तेच डेपोत कुजले तर ही सगळी रामकहाणी.

पण आपला कचरा थेट डेपोवर जात नाही. मध्ये माणसं असतात. पुण्यात १९९३ साली कचरा वेचणाऱ्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली, आणि पुढे तिच्यातून 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था निघाली. शहराच्या मोठ्या भागात दारोदार जाऊन कचरा घेतात ते याच संस्थेचे सभासद. घराकडून मिळणारं महिन्याचं शुल्क आणि सुक्या कचऱ्यातून विकलेल्या मालाचे पैसे, ही त्यांची कमाई. म्हणजे आपण दुधाची पिशवी चोथ्यात बुडवली की एका बाईच्या त्या दिवसाच्या पैशातून थोडे वजा होतात.

आमच्या इमारतीत येणाऱ्या मावशी एकदा जिन्यात थांबून म्हणाल्या, "ताई, तुमचा सुका चांगला असतो, पण पिशवीला गाठी नका ना मारू. नखं तुटतात." मी अगदी व्यवस्थितपणाच्या कौतुकात दोन दोन गाठी मारत होते. त्यांना मात्र प्रत्येक पिशवी फाडूनच उघडावी लागायची, आणि फाटलेली पिशवी मग त्यांच्याही कामाची राहायची नाही. तेव्हापासून मी सुका कचरा उघड्या गोणीत देते. ती रिकामी करून त्या गोणी परत देतात.

डबे किती आणि कुठे

वर्गीकरण ही काही हौस नाही. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांपासून कचरा घरातच वेगळा करून देणं बंधनकारक आहे. घरात प्रत्यक्षात चार जागा लागतात, पण चार डबे विकत घ्यावे लागत नाहीत.

ओल्यासाठी झाकणाचा एक डबा ओट्याजवळ, आणि त्यात पिशवी घालायची नाही. हा एकच बदल सगळ्यात जड जातो, कारण आपल्याला काळ्या पिशवीची सवय असते. डब्याच्या तळाला वर्तमानपत्राचा अर्धा कागद घाला. तो पाणी शोषतो आणि ओल्याबरोबरच कुजतो. डबा रोज रिकामा करून विसळायचा. खरकटं आधी चाळणीत निथळून मगच डब्यात टाकलंत तर वास निम्मा कमी होतो. हे मला कोणी सांगितलं असतं तर पहिले दोन महिने सुखाचे गेले असते.

सुक्यासाठी गोणी, कोरड्या गॅलरीत किंवा दाराआड खुंटीला. ती आठवड्यातून एक-दोनदा दिली तरी चालते, कारण स्वच्छ सुका कचरा वास मारत नाही. मारत असेल तर काहीतरी न धुता गेलंय.

तिसरी जागा न्हाणीघरात: सॅनिटरी पॅड, डायपर, बँडेज, कापसाचे बोळे. चौथी म्हणजे कपाटाच्या वरच्या कप्प्यातलं एक बुटाचं खोकं: सेल, बंद पडलेले दिवे, मुदत संपलेली औषधं, चार्जरच्या वायरी. हे खोकं भरायला तीन-चार महिने लागतात.

आता एक गोष्ट, जी माहितीपत्रकांत सहसा नसते. बहुतेक मध्यमवर्गीय घरांत कचऱ्याचा डबा घरमालक रिकामा करतच नाही, कामाला येणाऱ्या ताई करतात. केर काढून झाला की केरभरणीतली धूळ त्या सवयीने जवळच्या डब्यात टाकतात, आणि जवळचा डबा ओल्याचा असतो. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्या पाच घरी जातात आणि पाच घरांच्या पाच तऱ्हा. आमच्याकडे मी हुशारीने डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. त्या ताईंना वाचता येत नाहीत हे कळायला मला आठवडा लागला. मग ओल्याचा डबा हिरवा आणि सुक्याची गोणी पांढरी, असं ठरवलं आणि एक दिवस बरोबर उभं राहून कुठलं कशात ते दाखवलं. केरासाठी वेगळी जुनी बादली ठेवली. प्रश्न मिटला.

सुका कचरा: भंगारवाल्याच्या डोळ्यांनी

प्लास्टिकच्या डब्याखाली त्रिकोण असतो, त्यात १ ते ७ पैकी एक आकडा. बऱ्याच जणांना वाटतं की त्रिकोण आहे म्हणजे ते पुन्हा वापरात येणारच. त्रिकोण फक्त प्लास्टिकची जात सांगतो. पुढे त्याचं काय होणार हे ठरतं ते कोणी ते विकत घेतं की नाही यावर. म्हणून माझा सल्ला असा, की आकडे पाठ करण्याआधी आपल्या मावशींना किंवा कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला विचारा: काय घेता, काय घेत नाही? पाच मिनिटांत धडा मिळतो, आणि तो आपल्या भागापुरता खरा असतो.

साधारणपणे चालतं ते असं. रद्दी आणि पुठ्ठा, कोरडा असेल तरच. पाण्याच्या आणि सरबताच्या बाटल्या. शांपूच्या, फिनेलच्या जाड बाटल्या. पत्रा, ॲल्युमिनियम, तांबं-पितळ, त्याला तर हात जोडून घेतात. काच आणि धातू कितीही वेळा वितळवून पुन्हा घडवता येतात. कागदाचं तसं नाही, दर फेरीला त्याचे तंतू आखूड होत जातात. तरीही काचेला भाव कमी आणि ओझं जास्त, म्हणून काचेच्या बाटल्या साठवून एकदम द्याव्यात.

दुधाच्या पिशवीवर मी जरा जास्त वेळ घालवणार आहे, कारण ती जवळपास प्रत्येक घरात रोज येते आणि तिला भाव आहे. कात्रीने कोपरा कापताना तो पूर्ण कापून टाकू नका. थोडा जोडलेला राहू द्या, टोपीसारखा लोंबता. तो एवढासा तिकोनी तुकडा सुटला की तो कोणीही वेचत नाही. गटारात जातो, मातीत जातो, गाईच्या पोटात जातो. पिशवी रिकामी झाली की आत अर्धी वाटी पाणी घाला, हलवा, ते पाणी पिठात किंवा कुंडीत ओता. मग पिशवी उलटी करून नळावर किंवा खिडकीच्या जाळीला चिमट्याने अडकवा. आमच्या खिडकीत रोज दोन पिशव्या वाळत असतात. सासूबाईंना सुरुवातीला पाहुण्यांसमोर लाज वाटायची, आता त्याच पाहुण्यांना समजावून सांगतात.

कोण घेत नाही? वेफर्स, फरसाण, बिस्किटं यांची आतून चंदेरी पाकिटं, कारण त्यात वेगवेगळ्या थरांची सरमिसळ असते आणि ते थर सुटे करणं परवडत नाही. औषधांच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, तेच कारण. टूथपेस्टची नळी. थर्माकोल. चहाचा कागदी कप, ज्याला आत प्लास्टिकचा पातळ थर असतो. दुकानातली गुळगुळीत बिलं, ज्यांवरची छपाई महिन्याभरात उडते. तो उष्णतेने छापायचा रसायन लावलेला कागद असतो, रद्दीत घालू नका. पुण्यात रुद्र एन्व्हायर्न्मेंटल सोल्युशन्ससारख्या संस्था असलं टाकाऊ प्लास्टिक गोळा करून त्यापासून इंधन करतात, त्यांच्या संकलनाच्या दिवशी ते देता येतं. नुसतं फेकण्यापेक्षा हे बरंच. पण इंधन एकदा जळलं की संपलं, त्या पाकिटाचं पुन्हा पाकीट होत नाही. म्हणून या यादीतल्या वस्तू घरात येतानाच अडवायच्या.

तेलकट पिझ्झ्याचं खोकं रद्दीत घालू नका. झाकण कोरडं असतं, ते फाडून रद्दीत द्या, तेलकट तळाचे तुकडे करून खतात टाका. फुटलेली काच वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात घाला आणि वर 'काच' असं लिहा, शिवाय देताना तोंडाने सांगा.

ओला कचरा: खत घरीच

घरच्या कचऱ्यात वजनाने सगळ्यात जास्त हाच असतो, त्यामुळे हा एकटा थांबवला तरी डेपोवर जाणारा मोठा हिस्सा थांबतो. गॅलरी असेल तर खत नक्की होतं. गॅलरी नसेल तरी खिडकीखाली होतं, मी भाड्याच्या घरात पहिलं वर्ष तसंच केलं.

रंगाचे वीस लिटरचे दोन रिकामे डबे घ्या. रंगकाम चालू असलेल्या कोणत्याही इमारतीत वॉचमनकाका देतील. आतून नीट घासा. तापवलेल्या स्क्रूड्रायव्हरने बाजूला चारही अंगांनी पंधरा-वीस भोकं पाडा, तळाला पाच-सहा. हे खिडकी उघडी ठेवून करा, वितळत्या प्लास्टिकचा धूर वाईट. डबा दोन विटांवर ठेवा, खाली जुनी परात.

तळाला चार बोटं वाळका पालापाचोळा किंवा नारळाच्या शेंड्या. त्यावर दोन मुठी जुनं खत किंवा झाडाखालची माती, जंतू तिथून येतात. मग रोजचा ओला कचरा. तो जितका बारीक तितका लवकर कुजतो. कणसाचं बुरकुंड अख्खं टाकलंत तर सहा महिन्यांनी अख्खंच सापडेल. दर थरावर तेवढाच, आणि आकाराने जरा जास्तच, कोरडा पाला किंवा कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. हे कोरडं पांघरूण कंजूषपणे घालणं ही नवशिक्यांची पहिली चूक असते. भाजीपाल्यात नत्र आणि पाणी जास्त, वाळक्या पानांत कार्बन. कुजवणाऱ्या जंतूंना नत्राच्या पंचवीस-तीसपट कार्बन लागतो, म्हणून एवढा पाला. शिवाय तो हवा खेळती ठेवतो. आठवड्यातून एकदा आंबट ताक पाण्यात मिसळून शिंपडा आणि दोन-तीन दिवसांनी जुन्या उलथन्याने वरखाली करा.

ओल किती हवी? मूठभर घेऊन दाबा. हाताला ओलसर लागलं पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये.

आठव्या-दहाव्या दिवशी घरातलं कोणीतरी म्हणेल, "वास येतोय." वास दोन प्रकारचे असतात. सडल्यासारखा, नाल्यासारखा आला तर हवा कमी आणि पाणी जास्त: कोरडा पाला वाढवा, खालपर्यंत हलवा. नाकात झोंबणारा अमोनियाचा आला तर हिरवं फार झालंय, त्यालाही उतारा पालाच. पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नका, ती आपली माणसं. चिलटं झाली तर सालं उघडी राहिली आहेत, वर पाल्याचा जाड थर द्या आणि झाकणाखाली जुनं सुती फडकं बांधा.

आणि अळ्या. यावर अर्ध्या घरांचा प्रयोग संपतो, म्हणून स्पष्ट लिहिते. एक दिवस झाकण उघडाल आणि आत मळकट पांढऱ्या-करड्या, चपट्या, बोटाच्या पेरापेक्षा लहान अळ्या वळवळत असतील. त्या बहुतेक वेळा काळ्या सोल्जर माशीच्या असतात. ती माशी आपल्या ताटावर बसत नाही, चावत नाही, आणि तिच्या अळ्या कचरा आपल्यापेक्षा वेगाने संपवतात. पहिल्यांदा मी किंचाळले होते, शेजारच्या काकू धावत आल्या. आता अळ्या दिसल्या की काम जोरात चालू आहे असं समजते. ज्यांना बघवतच नाही त्यांनी कोरडा पाला दुप्पट करावा, त्या कमी होतात.

काय घालायचं नाही: मटणाची हाडं, माशांचे काटे आणि तेलकट रस्सा, निदान पहिल्या वर्षी तरी. उंदीर आणि मांजरी येतात. शिळी पोळी तुकडे करून थोडी थोडी चालते. लिंबाची सालं थोडी. करवंटी आणि आंब्याची कोय कुजायला फार वेळ घेतात, त्या बाजूला काढा. अंड्याची टरफलं चुरून घाला.

पहिला डबा भरला की बंद करून ठेवा, अधूनमधून हलवा, आणि दुसरा सुरू करा. दुसरा भरेपर्यंत, साधारण दोन महिन्यांत, पहिल्यातलं खाली बसून पाव-तृतीयांश उरतं, काळंभोर आणि पावसाच्या पहिल्या सरीनंतरच्या मातीच्या वासाचं. चाळून घ्या, वरचे जाड तुकडे परत नव्या डब्यात. कुंडीत एक भाग खत, दोन-तीन भाग माती. नुसत्या खतात रोप लावलं तर ते बसतं, माझा कढीपत्ता असाच गेला.

पाला कुठून आणायचा? डिसेंबरपासून मार्चपर्यंत सोसायटीतली झाडं तो फुकट देतात आणि झाडणारे दादा तो कोपऱ्यात पेटवतात. त्यांच्याशी बोला, गोणी तुम्हीच पुरवा. उघड्यावर कचरा जाळल्यास दंड आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ च्या डिसेंबरमध्ये साध्या प्रकरणाला ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये असा तो ठरवला. पण आमच्याकडे दंडाच्या धाकापेक्षा रिकाम्या गोणीने काम केलं. चार गोण्या पाल्यात आमचं वर्ष निघतं.

लाल ठिपका आणि बुटाचं खोकं

पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळायचे आणि वर लाल पेनने मोठा ठिपका काढायचा. स्वच्छ संस्थेने लाल ठिपक्याची मोहीम चालवली ती यासाठीच, की पुडी उघडून न बघता आत काय आहे ते कळावं. २०१६ च्या नियमांनी उत्पादकांनाही पॅडबरोबर गुंडाळायचं पाकीट द्यायला सांगितलं. लाल ठिपका विसरला तर काय होतं हे कळायला त्या पुडीच्या दुसऱ्या टोकाला कोणाचे तरी उघडे हात आहेत एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. ज्यांना जमेल त्यांनी मासिक पाळीचा कप वापरून बघावा, एक कप वर्षानुवर्षं चालतो. बाळाला दिवसा लंगोट आणि रात्री डायपर, हाही मधला मार्ग आहे.

घरात कोणी इन्शुलिन घेत असेल तर सुया कधीही पिशवीत टाकू नका. शांपूची जाड बाटली घ्या, त्यात सुया टाकत जा, भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून 'सुया' लिहून वेगळी हातात द्या.

बुटाच्या खोक्यातले सेल, विशेषतः फुगलेली मोबाइलची बॅटरी, कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली तर पेट घेऊ शकते. तिच्या टोकांना चिकटपट्टी लावा. ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये पारा असतो, फोडू नका. ई-कचरा परत घेण्याची जबाबदारी नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे, म्हणून नवं यंत्र घेताना जुनं घेऊन जायला सांगा. इन्व्हर्टरची बॅटरी तर दुकानदार जुनी घेऊन नवीच्या किमतीत सूट देतोच. पुण्यात पूर्णम इकोव्हिजनसारख्या संस्था ई-कचरा गोळा करण्याच्या मोहिमा घेतात. भंगारवाल्याला जुना लॅपटॉप देणं सोपं वाटतं, पण वायरी जाळून तांबं काढणं हा त्याचा पुढचा प्रवास असू शकतो.

घरात येतानाच

महाराष्ट्राने २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आणली. मंडईत त्या अजूनही दिसतात, पण बंदीचा एक फायदा झाला: कापडी पिशवी पुढे केली की आता कोणी विचित्र नजरेने बघत नाही. पिशवी विसरण्यावर एकच इलाज मला लागू पडला. ती घरी ठेवायचीच नाही. रिकामी झाली की लगेच स्कूटरच्या डिकीत.

श्रीखंड, पनीर, मटण आणायला स्टीलचा डबा नेला तर बहुतेक दुकानदार देतात, फक्त डब्याचं वजन आधी करून घ्यायला सांगा. वाण्याकडे सुटी डाळ अजून मिळते. एक किलोच्या पाच पुड्यांपेक्षा पाच किलोची एक घेतली तरी पाकिटं कमी होतात.

आणि जुने कपडे. आमच्या आजीच्या काळी बोहारीण यायची, दोन साड्या आणि एक पँट घेऊन पातेलं द्यायची, आणि त्या सौद्याला अर्धी दुपार लागायची. काही वस्त्यांत ती अजून येते. तिच्याकडे गेलेला कपडा जुन्या बाजारात विकला जातो, कोणीतरी अंगात घालतं. फाटक्या सुती साड्यांची गोधडी शिवून देणाऱ्या बायका अजून आहेत. सिंथेटिक कुर्त्याची गोधडी होत नाही, खतही होत नाही. कपडा विकत घेताना हे आठवलं तर बरं.

सोसायटीत सुरू करायचं तर

सर्वसाधारण सभेपासून सुरुवात करू नका. तिथे हा विषय पार्किंगनंतर येतो आणि तोपर्यंत लोक उठलेले असतात. आधी तुमच्या मजल्यावरची तीन-चार घरं घ्या. महिनाभर चालू द्या. मग मावशींनाच समितीसमोर बोलावून विचारा की कोणत्या मजल्याचा कचरा कसा येतो. आमच्या इमारतीत पाच पानी पत्रक काढूनही जे झालं नव्हतं, ते त्यांच्या एका वाक्याने झालं: "तिसऱ्या मजल्याचा मी उघड्या हाताने उचलते, बाकीच्याला मोजे घालते."

२०१६ च्या नियमांनी ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांवर ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायची जबाबदारी टाकली. त्यामुळे बऱ्याच नव्या इमारतींत खताचे हौद बांधलेले असतात. आमचेही होते. उघडले तेव्हा आत जुन्या फरशा आणि एक मोडकी सायकल निघाली. हौद चालू करताना घरच्या डब्याचाच हिशेब मोठा करायचा: ओल्यावर पाला, हवेसाठी जाळीदार भिंत, पावसापासून वर पत्रा, आणि आलटून पालटून भरायला किमान तीन हौद. मोठ्या ढिगात उष्णता पन्नास-साठ अंशांवर जाते, तेव्हा हात घालू नका. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रोज हलवणाऱ्या माणसाला पगार द्या. 'आळीपाळीने स्वयंसेवक' ही योजना आमच्याकडे सतरा दिवस चालली. यंत्र घ्यायचा मोह झाला तर विक्रेत्याला विचारा की बाहेर पडतो तो भुगा खत आहे की नुसता वाळवलेला कचरा. चोवीस तासांत 'खत' देणाऱ्या यंत्रातून बहुधा दुसरंच येतं, ते ओलं केलं की पुन्हा वास मारतं.

पुणे महापालिका गांडूळखत प्रकल्प असलेल्या मिळकतींना करात सवलत देते, मात्र तो चालू स्थितीत असावा लागतो. समितीतल्या हिशेबी मंडळींसमोर हा मुद्दा आधी मांडा, पर्यावरण नंतर.

इमारतीबाहेरचं उदाहरण हवं असेल तर सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याला जाऊन या. छोटी नगरपरिषद, पण कचरा बारकाईने वेगळा करून, ओल्यापासून बायोगॅस आणि प्लास्टिक रस्त्यात वापरून तिने जुन्या कचरा डेपोची बाग केली. लोक ती बघायला जातात.

सणाचे दिवस आणि सुट्ट्या

गणपतीत निर्माल्य दोरा आणि प्लास्टिकची फुलं काढूनच खतात घाला. हारातली जर आणि थर्माकोलचे मणी हाताने वेचावे लागतात, तो एक तास धरूनच चला. पुढच्या वर्षी हारवाल्याला नुसत्या फुलांचा हार सांगा, तो स्वस्तही पडतो. मूर्ती शाडूची असेल तर बादलीत विरघळते आणि ती माती कुंडीत जाते. प्लास्टर ऑफ पॅरिसची असेल तर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुचवलेल्या पद्धतीने अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात विसर्जन करता येतं. पुणे महापालिका उत्सवात ही पावडर वाटत आली आहे. त्यातून अमोनियम सल्फेटचं पाणी उरतं, जे पातळ करून झाडांना चालतं, आणि खाली चुनखडीचा गाळ बसतो. बादली गॅलरीत ठेवा, अमोनियाचा वास घरभर होतो.

दिवाळीच्या आवराआवरीत भंगार एकदम निघतं आणि त्याच आठवड्यात मावशींचं ओझं तिप्पट होतं. माळ्यावरचं सामान दसऱ्याच्या आधीच काढा. त्यांना भाव बरा मिळतो आणि तुम्हालाही जिन्यातली रीघ चुकते.

मे महिन्यात पंधरा दिवस गावाला जाणार असाल तर खताच्या डब्याची काळजी करू नका. निघण्याच्या आदल्या दिवशी शेवटचा कचरा घाला, वर दोन ओंजळी पाला आणि तांब्याभर पाणी, डबा सावलीत सरकवा. शेजारच्यांकडे किल्ली देताना कुंड्यांना पाणी घालायला सांगा, आणि डब्याचं झाकण तेवढं उघडू नका म्हणावं.